सेदुला

जहाजावरच्या गेल्या कॉन्ट्रॅक्टमध्ये ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी मेसरूममध्ये, म्हणजे जेवणाच्या खोलीत, आमचा बोसन (डेकवरच्या खलाशांचा मुकादम) आणि फिटर भांडत होते. दोघेही फिलिपिनो. त्यांच्याकडे त्या दिवशी राष्ट्रीय वीरांची सुट्टी. भांडण कशावरून, तर १८९६ चा स्पेनविरुद्धचा उठाव नेमका कुठे पेटला, बालिंतावाकला की पुगाद लाविनला? पूर्वी २६ ऑगस्ट आणि बालिंतावाक मानायचे, आता सरकारदरबारी २३ ऑगस्ट आणि पुगाद लाविन. शंभराहून जास्त वर्षं झाली, वाद मिटलेला नाही.

मला त्या वादात फारसा रस नाही. माझा जीव अडकलाय तो सेदुलावर.

सेदुला म्हणजे स्पॅनिश सरकारला कर भरल्याचा दाखला. तेच ओळखपत्र. १८८४ पासून दरवर्षी नवा घ्यायचा, सतत जवळ बाळगायचा. कातिपुनान या गुप्त संघटनेचा म्होरक्या आंद्रेस बोनिफासियो गोदामात काम करणारा माणूस. त्याने जमलेल्यांना लढायचं का विचारलं आणि सेदुले फाडायला लावले. आम्ही जहाजावरची माणसं सीडीसी, म्हणजे खलाशाचं नोंदपुस्तक, पासपोर्टपेक्षा जपतो. ती फाड म्हटलं तर माझा तरी हात उचलणार नाही. कागद फाटला की परत घरी जाऊन ‘मी त्यातला नव्हतो’ म्हणायची सोय संपली.

बरं, हे काही ठरवून त्या आठवड्यात झालं नव्हतं. मनिलातल्या एका छापखान्यात तेओदोरो पातिन्यो नावाचा कामगार, तोही कातिपुनानमधलाच. पगारवाढीवरून त्याचं सहकाऱ्याशी वाजलं, असं सांगतात. रागाच्या भरात त्याने संघटनेचं गुपित बहिणीला सांगितलं. ती अनाथाश्रमात राहायची. तिथल्या जोगिणीच्या कानावर गेलं आणि तिच्या सांगण्यावरून १९ ऑगस्टला पातिन्यो स्वतःच तोंदोच्या पाद्र्यापुढे, मारियानो खिलपुढे, सगळं ओकला. छापखान्याची झडती, संघटनेच्या पावत्या छापायचा दगड हाती, धरपकड सुरू. बोनिफासियोपुढे दोनच वाटा उरल्या, पळणं किंवा उठणं. ३० ऑगस्टला मनिलाजवळच्या सान हुआन देल मोंतेवर हल्ला केला आणि सपाटून मार खाल्ला. त्याच दिवशी स्पॅनिश गव्हर्नर ब्लांकोने आठ प्रांतांत लष्करी कायदा लावला. फिलिपिन्सच्या झेंड्यावरच्या सूर्याचे आठ किरण त्यावरून आले असं बोसन छाती फुगवून सांगतो.

पुढचं मात्र तो सांगत नाही, मी वाचलं. मार्च १८९७ मध्ये तेहेरोसला बंडखोरांची सभा झाली, नव्या सरकारचा अध्यक्ष झाला दुसरा पुढारी, आगिनाल्दो. बोनिफासियोला गृहखातं मिळालं, तर एक पुढारी उठून म्हणाला, या पदाला वकिलीची पदवी पाहिजे. म्हणजे कागद दाखव! ज्याने लोकांना कागद फाडायला शिकवलं त्यालाच! मला तर वाचताना हसूही आलं आणि संतापही.

१० मे रोजी आगिनाल्दोचे सैनिक बोनिफासियोला आणि त्याच्या भावाला मारागोंदोनच्या डोंगरात घेऊन गेले. अधिकाऱ्याकडे सीलबंद लिफाफा होता, वर पोचल्यावरच उघडायचा. उघडला, वाचून दाखवला. आत दोघांच्या मृत्यूचा हुकूम होता, आपल्याच लोकांनी दिलेला.