बँकॉकमधील शिक्षकी : लेखात राहून गेलेले काही

बँकॉकमध्ये शिकवणाऱ्या परदेशी शिक्षकांच्या दिनक्रमावरील हा लेख आवडला. त्यात स्वस्त खानावळी, स्कायट्रेनचा प्रवास आणि सुट्ट्या यांचे वर्णन सविस्तर आहे. मात्र नोकरीची कागदपत्रे एका ओळीत उरकली आहेत, आणि आमच्या इंदूरमधून तिकडे जाऊ इच्छिणाऱ्या तरुण शिक्षकांच्या दृष्टीने तोच भाग सर्वांत महत्त्वाचा आहे. माझी पुतणी तिथल्या एका शाळेत गणित शिकवते. कामाचा परवाना नोकरी देणाऱ्या संस्थेशी बांधलेला असल्यामुळे शाळा बदलली की परवान्याची आणि व्हिसाची धावपळ नव्याने करावी लागते. शिवाय थायलंडमध्ये सलग राहणाऱ्या परदेशी व्यक्तीला दर 90 दिवसांनी आपला पत्ता इमिग्रेशन कार्यालयाला कळवावा लागतो. तिथल्या शिक्षक परिषदेच्या, म्हणजे शिकवण्याच्या वेगळ्या परवान्यासाठी शिक्षणशास्त्राची पदवी फार उपयोगी पडते, म्हणून बी.एड. इथेच पूर्ण करून जा, असे मी इथल्या रामबाग भागातील ओळखीच्या मुलामुलींना आवर्जून सांगते.

‘वाय ख्रू’चा उल्लेख मात्र लेखात हवाच होता. जूनच्या सुमारास, बहुधा गुरुवारी, होणाऱ्या या गुरुवंदनेत विद्यार्थी गुडघ्यांवर बसून शिक्षकांना फुलांची तबके अर्पण करतात, आणि त्यांत वांग्याच्या फुलांबरोबर, आपण गणपतीला वाहतो त्याच, दूर्वा असतात. पुतणीने पाठवलेल्या छायाचित्रात केळीच्या पानाच्या द्रोणात खोचलेली दूर्वांची जुडी स्पष्ट दिसते. तिथले शैक्षणिक वर्ष मेच्या मध्यास सुरू होत असल्याने नव्या शिक्षकाला तोवर वर्गातील सर्व नावेही पाठ झालेली नसतात. अशा वेळी मिळालेल्या त्या सन्मानाने पुतणीला परक्या शहरात फार मोठा धीर दिला.