जुनिपरची अर्धी साल पावसात सोलू नका

बोन्सायमध्ये जुनिपर या सूचिपर्णी झाडाची थोडी साल सोलून लाकूड उघडं ठेवतात, म्हणजे झाड जुनं, जीर्ण दिसतं. त्याबद्दल कोल्हापुरातल्या बोन्सायवाल्यांमध्ये सध्या एक सल्ला फिरतोय : "जुनिपर चिवट असतं. पावसाळ्यात खोडाची अर्धी साल एकदम सोला, लगेच लाइम सल्फर लावा. पंधरा दिवसांनी झाड हिरवं दिसलं की काम फत्ते." (लाइम सल्फर म्हणजे चुना-गंधकाचं द्रावण; त्याने उघडं लाकूड पांढरं होतं आणि टिकतं.) या सल्ल्यापायी वर्षानुवर्षं जपलेली झाडं जातील, म्हणून लिहितोय.

शेवटचं वाक्य सगळ्यात घातक आहे. मुळांकडून पाणी बंद झालं तरी जुनिपरची पालवी कित्येक आठवडे हिरवी राहते. ती पिवळी पडते तेव्हा उपाय उरलेला नसतो. पंधरा दिवसांच्या हिरवेपणावरून काहीच ठरत नाही. टोकांना नवी पोपटी वाढ दिसते का, ते बघा.

"अर्धी साल" हे मापही चुकीचं. जुनिपरमध्ये ठरावीक मुळं ठरावीक फांद्यांना पोसतात. मधली साल गेली की वरची फांदी वाळते, मग दुसऱ्या बाजूची साल कितीही शाबूत असो. म्हणून आधी सुटी साल ब्रशने झाडा आणि मुळापासून फांदीपर्यंतची जिवंत वाट खडूने आखा. जुन्या झाडात हे पट्टे फुगीर दिसतात. कोवळ्या रोपात मुळांच्या फाट्यांवरून अंदाज घ्यावा लागतो. दोन वाटांच्या मधोमध, लाकडाच्या रेषेनुसार, अरुंद पट्टीच काढा. तीही मातीला टेकू देऊ नका, तिथे लाकूड कुजतं. रुंदी वाढवायची ती पुढच्या वर्षी, कडेची साल फुगल्यावर.

पावसाळ्यात साल सहज सुटते, हे खरं. पण म्हणूनच ती आखलेल्या रेषेपलीकडेही फाटत जाते. दोन्ही कडा आधी धारदार सुरीने कापून घ्याव्या लागतात. शिवाय आपल्याकडच्या जून ते सप्टेंबरच्या पावसात उघडं लाकूड वाळत नाही, बुरशी धरते. मी तरी दिवाळीच्या सुमाराला, पाऊस सरल्यावरच हात घालीन. त्याच हंगामात कुंडी बदलणं नको.

लाइम सल्फर ताज्या जखमेवर नको. लाकूड काही आठवडे वाळू द्या, मग किंचित ओलं करून ब्रशने लावा. माती प्लास्टिकने झाका, जिवंत साल वाचवा. काम गच्चीवर उघड्या हवेत, हातमोजे आणि चष्मा घालूनच. लिंबू, व्हिनेगर, कुठलंही आम्ल त्याच्या जवळपास आणू नका; हायड्रोजन सल्फाइड हा विषारी वायू सुटतो.

पहिल्यांदाच करणार असाल तर खोडाला हात लावू नका. नको असलेली एक फांदी निवडा, खुंट ठेवून कापा. बुडाशी साल गोल कापून घ्या, पक्कडीने दाबून ती सोला आणि लाकडाचे तंतू टोकाकडून ओढून काढा.