बॉर्लीच्या भुतांना घर तरी उरलंय का?

"इंग्लंडमधलं सर्वांत झपाटलेलं घर" हा बॉर्ली रेक्टरीवरचा (इंग्लंडच्या एसेक्समधल्या बॉर्ली गावातला पाद्र्याचा बंगला) फॉरवर्ड ताईने घरच्या ग्रुपवर टाकला आणि तिकडे एसेक्समध्ये शिकणाऱ्या भाचीची झोप उडाली. तिची खोली एका जुन्या पाद्र्याच्या बंगल्यात आहे, आणि जिन्यातली एक खिडकी विटांनी बुजवलेली आहे. मग फॉरवर्डमधलं एकेक वाक्य तपासायला मला बसावंच लागलं.

शेवटचं वाक्य आधी घेतो. "आजही तिथे रात्र काढायची कुणाची छाती नाही." कशी असेल? बॉर्ली रेक्टरी फेब्रुवारी 1939मध्ये जळाली, 1944मध्ये पाडली. घरच नाही!

"जोगिणीला (ख्रिस्ती मठातल्या ननला) भिंतीत जिवंत चिणलं." बंगला 1862-63चा, लाल विटांचा. त्याआधी तिथे मठ होता, याला काडीचा पुरावा नाही. बुजवलेली खिडकी तिथेही होती, पण ती जेवणघराची, रस्त्याकडे तोंड केलेली. येणाऱ्या-जाणाऱ्याने आपल्या ताटात डोकावावं, हे कुणाला आवडेल? (भाचीसाठी: 1696 ते 1851 तिकडे खिडक्यांवर कर होता. तो चुकवायला लोक खिडक्या बुजवत. तुझं घर 1851च्या आधीचं असेल तर तेच कारण असू शकतं. बॉर्लीचं घर मात्र कर उठल्यानंतरचं.)

"रात्री पावलं वाजतात, कुणी कुजबुजतं." वाजणारच. घर बांधणारे पाद्री हेन्री बुल यांना 14 मुलं, म्हणून घराला नंतर आणखी एक बाजू जोडली आणि मधलं अंगण जवळजवळ चारी बाजूंनी कोंडलं गेलं. अंगणातलं बोलणं घरात घुमायचं. वीज नाही, पाणी विहिरीचं, उंदीर मात्र भरपूर. 1956मध्ये तिघा संशोधकांनी सगळं प्रकरण पुन्हा तपासलं. उंदीर आणि घराच्या चमत्कारिक आकारामुळे घुमणारे आवाज, हीच कारणं त्यांनी दिली. आणि हे तिघे कोण, तर असल्याच गोष्टींचा अभ्यास करणाऱ्या लंडनच्या संस्थेचे!

"भुतांनी आग लावली." चर्चकडून घर खाजगी मालकीत गेलं, 1938मध्ये कॅप्टन ग्रेगसनने ते घेतलं. पुस्तकं काढताना तेलाचा दिवा कलंडला, असं त्यानेच सांगितलं. विमा कंपनीने तर आग मुद्दाम लावल्याचा ठपका ठेवला.

"हवेत तरंगणारी वीट" म्हणजे पाडकाम चालू असतानाचा फोटो. पुढे बोलायलाच नको.

एक मान्य करतो. 1900च्या जुलैत बुल यांच्या चार मुलींनी संध्याकाळी बागेत जोगीण पाहिल्याचं सांगितलं होतं. त्या खोटं बोलल्या असं मी म्हणत नाही. पण संधिप्रकाशात लांबून दिसलेली आकृती, एवढंच त्यात आहे.

भाचीचा परत मेसेज आलाय. आता तिला उंदरांची भीती वाटतेय.