गेमच्या गाण्यांचे परीक्षक व्हायचंय? मग कान घरी ठेवून या

सगळ्यात आधी अभिनंदन. फोन आला म्हणजे तुमची निवड झालीच, कारण या स्पर्धेला परीक्षक मिळत नाहीत. भावगीताला मिळतात, रांगोळीला मिळतात, मोदकाच्या स्पर्धेला तर लोक स्वतःहून नंबर लावतात, पण व्हिडिओ गेमच्या म्युझिकचे पोरांनी केलेले रिमिक्स ऐकून मार्क द्यायचेत म्हटलं की समोरचा आधी 'कसले?' विचारतो आणि मग 'आमच्या चिरंजीवांना विचारून सांगतो' म्हणून जो गायब होतो तो दिवाळीलाच भेटतो. तुम्ही असलं काही करू नका. 'तारीख कळवा' एवढंच म्हणा. मी तीन वर्षं एवढंच म्हणत आलोय आणि यंदा पत्रिकेत माझ्या नावामागे 'ज्येष्ठ' लागलंय.

पात्रतेचं टेन्शन घेऊ नका. माझी पात्रता सांगतो म्हणजे धीर येईल. लहानपणी आमच्याकडे टीव्हीला जोडायचा गेम होता, जपानच्या फॅमिकॉमची कुठल्यातरी कारखान्यात केलेली नक्कल, बाबांनी लॅमिंग्टन रोडवरून अर्धा तास घासाघीस करून आणलेला. कॅसेटवर छापलेलं '९९९९९९ इन १', आत गेम मोजून सात-आठ, पुढे तेच परत परत. कॅसेट चालली नाही की फुंकर मारायची. तर ती फुंकर मी मारलीय, ही माझी पात्रता. शिवाय मी कॉन्ट्रा तीस लाइफचा कोड न टाकता पूर्ण केला असं सगळीकडे सांगतो. (वर वर खाली खाली डावं उजवं डावं उजवं बी ए. झोपेतून उठवलं तरी बोटं हलतात माझी, आता काय ते समजून घ्या.)

आता तयारी. आयोजक महिनाभर आधी ड्राइव्हची लिंक पाठवतात, त्यात चाळीसेक ट्रॅक असतात, प्रत्येकाबरोबर मूळ गेमचं गाणंही जोडलेलं असतं. ते मूळ गाणं अजिबात ऐकायचं नाही. ते ऐकलं की मग पोराने काय बदललं, काय ठेवलं, कुठे डोकं लावलं हे कळायला लागतं आणि मार्क देणं फार जड जातं. रिमिक्स तेवढे ऐका, तेही आदल्या दिवशी, लोकलमध्ये, दादर ते ठाणे, फोनच्या स्पीकरवर. हेडफोन लावू नका, शेजारच्या काकांनाही मत असतं. फोनच्या एवढ्याशा स्पीकरमधून बेस येतच नाही, त्यामुळे सगळ्यांच्या शेऱ्यात 'बेस कमी पडतो' असं एकदाच लिहून खाली कॉपी करत जायचं. कुर्ला येईपर्यंत माझे मिक्सिंगचे मार्क देऊन संपलेले असतात.

तांत्रिक गोष्टींपासून लांबच राहा, पण शत्रू काय बोलतो हे माहीत हवं म्हणून सांगतो. त्या जुन्या मशीनच्या साउंडमध्ये पाचच चॅनल असायचे. दोन चौकोनी लाटेचे, त्यावर सूर वाजायचे, एक त्रिकोणी लाटेचा, तो बहुतेकदा बेस, एक नुसत्या खरखरीचा, त्यातून ड्रम काढायचे, आणि एक छोटे सॅम्पल वाजवायला. एवढ्यात गाणंही बसवायचं आणि गेमचे आवाजही. त्यामुळे सुपर मारिओमध्ये तुम्ही उडी मारलीत की उडीचा 'टुइंग' तोच चॅनल उचलतो आणि तेवढा वेळ गाण्यातला एक सूर गळतो. आपण सगळ्यांनी लहानपणी ते गाणं असं तुटक तुटकच ऐकलंय, कुणाला पत्ता नाही.

मागच्या वर्षी भांडुपच्या एका मुलीने नेमकं तेच पकडलं. तिने मारिओचं गाणं स्ट्रिंग्सवर बसवलं आणि जिथे जिथे खेळणारा उडी मारेल तिथे तिथे एका व्हायोलिनला गप्प केलं, म्हणजे उडी ऐकू येत नाही पण उडीची जागा ऐकू येते. सोबत अर्धं पान समजावून लिहिलं होतं. मी ते अर्थातच वाचलं नाही आणि शेरा दिला, 'मध्ये मध्ये आवाज तुटतो, केबल तपासावी.' बिचारीने सगळं कॉम्प्युटरवर केलं होतं. केबलच नव्हती. पण शेरा कसा, ठाम होता.

मार्कांचा कागद मात्र नीट समजून घ्या, कारण तिथेच तुमची खरी ताकद आहे. पहिला रकाना, मूळ गाण्याशी इमान, २५ मार्क. दुसरा रकाना, नवा विचार, २५ मार्क. देवाने परीक्षकासाठीच बनवल्यासारखे हे दोन रकाने आहेत बघा. मूळ चाल ओळखू आली तर 'फारच मूळासारखं, यात तुमचं काय?' आणि ओळखू नाही आली तर 'मूळ गाणं कुठंय?' कुठलंही गाणं यातल्या एका दारात अडकतंच. चुकून एखादं दोन्हीतून सुटलं, म्हणजे चाल तीच पण कपडे असे बदललेत की आधी हसू येतं आणि मग गप्प बसायला होतं, तर घाबरू नका, अशांसाठी एक राखीव वाक्य आहे, 'सगळं आहे पण सोल मिसिंग आहे.' यावर जगात कुणाकडे उत्तर नाही.

तिसरा रकाना मिक्सिंगचा. इथे नियम सोपा, ज्याची फाइल सगळ्यात जोरात वाजते त्याला पैकीच्या पैकी. दोन सारखीच गाणी लागोपाठ लावली तर जरासं मोठ्याने वाजणारं माणसाच्या कानाला उगाच चांगलं वाटतं, म्हणून शहाणे लोक ऐकण्याआधी सगळ्या फाइली एका पातळीला आणतात, स्ट्रीमिंगवालेही गाणी साधारण उणे १४ लफ्सला (हे आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप) आणून सोडतात. आमच्याकडचा एक व्हॉलंटियर, इंजिनिअरिंगचा पोरगा, परवा तेच करत बसला होता. मी त्याला प्रेमाने चहा आणायला पाठवलं. अरे पातळी सारखी केलीस तर आम्ही वेगळं काय ऐकणार?

चौथा रकाना एकूण प्रभाव. तो टीशर्टवर द्यायचा.

सामान्य ज्ञानही पेरत चला बोलताना. मी एकदा टेट्रिसच्या रिमिक्सवर दोन मिनिटं बोललो, जपानी मातीचा गंध, शिस्त, चेरीची फुलं वगैरे, टाळ्या पण पडल्या. नंतर जिन्यात त्या स्पर्धकाने हळूच सांगितलं की सर ती चाल रशियन आहे, कोरोबेनिकी नावाचं १९व्या शतकातलं लोकगीत, गावोगाव फिरणाऱ्या फेरीवाल्याचं, १९८९ साली गेमबॉयवर आलं म्हणून आपल्याला गेमचं वाटतं. मी म्हटलं, 'तेच म्हणतोय मी, आशियाई.' आणि त्याने म्हणे मुद्दाम त्यात पेटी आणि 'घ्या भांडी घ्याऽऽ' अशी हाळी टाकली होती, फेरीवाला म्हणून. मी ती हाळी 'नॉइज' समजून तीन मार्क कापले होते. कापलेले मार्क परत जोडायचे नसतात, टाके दिसतात.

एखादा जुना जाणता तुमच्या शेजारी बसून 'गेमचं कसलं आलंय संगीत' म्हणाला तर मान डोलवा. मारिओची ती चाल कोजी कोंडोंनी १९८५ साली केली आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने ती राष्ट्रीय ध्वनिमुद्रणांच्या यादीत घेतली, गेमचं म्युझिक त्या यादीत पहिल्यांदाच गेलं. हे स्पर्धकांना पाठ असतं. तुम्हाला नसलं तरी मानधनात फरक पडत नाही. मानधन म्हणजे शाल, नारळ आणि पाकीट, पाकिटात काय ते घरी जाऊन बघायचं आणि घरी जाऊन बोलायचं नाही.

आता प्रत्यक्ष दिवस. यंदाची फेरी लालबागच्या एका हॉलमध्ये होती, जुलैचा पाऊस, छत्र्या दारात उलट्या टांगलेल्या, पंखा असा फिरत होता की वारा सोडून सगळं देत होता. परीक्षक तीन. मी, एक डीजे, तो सतत एका कानावर हात धरून, सवयीने, आणि सुगम संगीत शिकवणाऱ्या एक मॅडम, तीस वर्षं शिकवतायत. अशा बाईंपासून सावध राहा. त्या ऐकतात.

अकराव्या नंबरला काळाचौकीची चार पोरं आली. बेंजो, ढोलकी, ताशा आणि एक लॅपटॉप. गणपतीत वाजवणारी पोरं. मी आधीच मनात मार्क लिहून टाकले, आता हे नाक्यावरचं काहीतरी उडवणार. तर त्या बेंजोवाल्याने, एकोणीस-वीसचा असेल, घेतलं काय तर मारिओमधलं पाण्याखालचं गाणं. ताशावर टॉवेल टाकलेला, त्यामुळे तो लांबून कुठेतरी बंद दाराआडून वाजल्यासारखा. बेंजोच्या बटणांची टाइपरायटरसारखी जी टकटक होते ना, जी एरवी सगळे लपवतात, ती त्याने मुद्दाम माइकजवळ धरली, आणि ती टकटक अशी लागली की बुडबुडे वर येतायत. ढोलकीवाला नुसत्या तळव्याने वाजवत होता. शेवटी लॅपटॉपवाल्याने मूळ गाण्यातले ते चौकोनी सूर अगदी बारीक मागून सोडले आणि हॉलमध्ये कुणीच मोबाइल बघत नव्हतं, मी धरून.

अशा वेळी परीक्षकाने स्वतःला सावरायचं असतं. मी टेबलावर बोटाने ताल धरला, एक दोन तीन चार, एक दोन तीन चार, आपला रोजचा केरवा. तर माझं बोट एकदा त्यांच्या आधी पोचायचं, एकदा नंतर. मी परत धरला. परत सुटला. आता यातून दोनच अर्थ निघतात, आणि दुसरा अर्थ परीक्षकाने काढायचा नसतो. मी पेन उचललं.

मॅडमची बोटं पदराखाली वेगळंच काही मोजत होती. त्या माझ्याकडे वाकून म्हणाल्या, 'अहो, दादरा आहे.'

'हो हो,' मी म्हटलं, 'दादरवरूनच पकडणार, साडेआठची फास्ट आहे.'

त्यांनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि नंतर दिवसभर पाहिलं नाही.

कागदावर मी लिहिलं, 'कल्पना बरी, पण लयीचा अभ्यास हवा. ठेका सुटतो.' नवा विचार, नऊ. डीजेने माझ्या कागदात बघून नऊ केले. तुम्हीही नेहमी शेजारच्या कागदात बघत जा, एकमत झालं की निकाल पटकन लागतो. पहिला नंबर आयोजकांच्या भाच्याला गेला, निवड पूर्ण निनावी होती, नावं झाकलेली, फक्त फाइलवर 'मामा_फायनल_फायनल_२' असं होतं. त्याने मारिओची तीच पहिली चाल घेऊन खाली धडधड टाकली होती, इतक्या जोरात की हॉलचा डावा स्पीकर गेला. प्रभाव म्हणतात तो हाच. काळाचौकीला उत्तेजनार्थ आणि एक नारळ. चौघात एक.

मनोगत करायला उभे राहाल तेव्हा स्पर्धकांबद्दल काही बोलू नका, आपल्या काळाबद्दल बोला. कॅसेटीतली फुंकर, रविवारची दुपार, आई ओरडायची टीव्ही खराब होईल. कुठलंही रिमिक्स ऐकलं तरी तुम्हाला तेच आठवलं पाहिजे, आणि नाही आठवलं तर ती रिमिक्सची चूक. मी पंचवीस मिनिटं बोललो. साडेआठची गेली.

एकच धोका राहतो, तो म्हणजे हल्ली पोरांकडे परीक्षकांचे नंबर असतात. तिसऱ्या दिवशी बेंजोवाल्याचा मेसेज आला. 'सर नमस्कार, ठेका नक्की कुठे सुटला ते सांगाल का, पुढच्या वेळी दुरुस्त करतो.' खाली १९८५ चं मूळ पाण्याखालचं गाणं, आणि त्यावर त्याने स्वतःच्या आवाजात मोजलेलं, एक दोन तीन, एक दोन तीन, अगदी सावकाश, लहान मुलाला शिकवतात तसं. ते गाणंच तीनाचं आहे. वॉल्ट्झ म्हणतात तिकडे त्याला, आपल्याकडे तीन-तीनचा दादरा.

असा मेसेज आला की ब्लू टिक आधीच बंद असली पाहिजे. उत्तर एकदम द्यायचं नाही, दोन दिवस जाऊ द्यायचे, मग हात जोडलेले दोन आणि 'छान प्रयत्न, रियाज चालू ठेवा'. 'कुठे' या शब्दाला उत्तर द्यायचं नाही. मी तसंच केलं. त्याचं 'ओके सर, थँक्यू सर' आलं लगेच, अर्ध्या मिनिटात.

पण दुसऱ्या दिवशी सकाळी 'परीक्षक मंडळ' ग्रुपवर मॅडमनी तीच क्लिप टाकली. खाली एकच शब्द, 'दादरा.' डीजेने अंगठा दिला, आयोजकांनीही पाहिलेलं दिसत होतं. अशा वेळी वाद घालायचा नाही की माफीबिफी मागायची नाही. गुलाबाचं फूल, उगवता सूर्य आणि 'शुभ सकाळ' असे लागोपाठ सहा फोटो टाकायचे. मेसेज बरोबर वर सरकतो.