जुने फोटो पुसून पाणी वाचत नाही

सांगलीत राहणारी माझी मावशी क्लाउडवर साठवलेले जुने फोटो एकेक करून पुसत बसली आहे, असे तिच्या मुलीकडून कळले. चौकशी केल्यावर कारण निघाले ते व्हॉट्सअ‍ॅपवरचा एक लांबलचक संदेश. पुसलेल्या फोटोंत काका हयात असतानाच्या सहलींचेही फोटो होते, आणि ते पुसताना मावशीची समजूत अशी की आपण दुष्काळी तालुक्यांसाठी थोडे पाणी वाचवत आहोत. संदेशातले दावे थोडक्यात असे: एआयला विचारलेला प्रत्येक प्रश्न अर्धा लिटर पाणी पितो; खुद्द ब्रिटिश सरकारने लोकांना जुने ईमेल आणि फोटो पुसायला सांगितले आहे; नवी मुंबईतली डेटा सेंटर, म्हणजे इंटरनेटवरची माहिती साठवणाऱ्या सर्व्हर संगणकांच्या इमारती, मोरबे धरण आटवणार आहेत; विजेची मात्र चिंता नको, कारण मोठ्या कंपन्या शंभर टक्के हरित विजेवर चालतात; आणि सर्व्हर समुद्रात बुडवले की सगळाच प्रश्न सुटतो. इमारतींच्या वातानुकूलन यंत्रणांची आखणी हाच माझा व्यवसाय असल्यामुळे हे वाचून गप्प बसणे मला जमले नाही.

ब्रिटिश सरकारचा दावा आधी घेतो, कारण नुकसान त्यानेच केले आहे. तो खोटा नाही, हे नाइलाजाने मान्य करावे लागते. ऑगस्ट २०२५ मध्ये इंग्लंडमधील दुष्काळ गटाच्या बैठकीनंतर निघालेल्या सरकारी पत्रकात पाणी वाचवण्याचे काही उपाय दिले होते, आणि त्यांत जुने ईमेल व छायाचित्रे पुसा, कारण डेटा सेंटर थंड ठेवायला प्रचंड पाणी लागते, असे एक वाक्य खरोखरच होते. त्या वाक्याला कोणताही आकडा जोडलेला नव्हता. त्याच यादीत गळका फ्लश दुरुस्त करा, त्यातून दिवसाला २०० ते ४०० लिटर पाणी वाया जाते, असेही सांगितले होते; संदेश लिहिणाऱ्याने नेमका तोच उपाय गाळला आहे.

आकडा पत्रकात नसला तरी ढोबळमानाने काढता येतो. वीस टेराबाइटची हार्ड डिस्क फिरत असताना साधारण दहा वॉट वीज घेते, म्हणजे वर्षाला सुमारे ८८ युनिट. ती भरलेली असो वा अर्धी रिकामी, फिरायची थांबत नाही, त्यामुळे एका घरातले फोटो पुसल्याने तिचा वीजवापर प्रत्यक्षात जवळपास बदलतच नाही. तरीही मावशीच्या बाजूने हिशोब करू आणि धरून चालू की पुसलेल्या प्रत्येक फाइलच्या वाट्याची वीज खरोखर वाचते. एका गीगाबाइटच्या वाट्याला वर्षाला सुमारे साडेचार वॉट-तास येतात. सुरक्षिततेसाठी तीन प्रती ठेवल्या असे मानले, आणि सर्व्हर व शीतकरण यांच्यासाठी ती संख्या दुप्पट केली, तरी दहा गीगाबाइट फोटोंना वर्षभरात पाव युनिटच्या आसपास वीज लागते. एका युनिटमागे किती पाणी जाते, याचा आधार मी पुढे देतो, पण सगळे धरून पाच लिटर घेतले, तर दहा गीगाबाइट आठवणी पुसून वर्षाकाठी वाचते सव्वा लिटर पाणी. गळक्या फ्लशमधून तेवढे पाणी फार तर दहा मिनिटांत जाते. फोटो निवडण्यासाठी ते सगळे पुन्हा क्लाउडवरून मागवून पडद्यावर पाहण्यात जी वीज गेली, ती तर या हिशोबात धरलेलीच नाही.

हा सल्ला नुसता निरुपयोगी असता तर सोडून दिले असते. पण यंत्रणा कुठे उभारायची, कोणते पाणी वापरायचे आणि कोणती वीज घ्यायची हे ज्यांच्या हातात आहे, त्यांच्याकडून ती जबाबदारी काढून घेऊन तो ती सत्तरी ओलांडलेल्या बाईच्या मोबाइलवर टाकतो.

आता पाच लिटरचा आधार. अमेरिकेतील लॉरेन्स बर्कले राष्ट्रीय प्रयोगशाळेने डिसेंबर २०२४ मध्ये तेथील डेटा सेंटरांच्या वीजवापराचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि या विषयावर बोलणाऱ्या प्रत्येकाने निदान त्याचा सारांश तरी वाचावा. २०२३ मध्ये अमेरिकी डेटा सेंटरांनी सुमारे १७,६०० कोटी युनिट वीज वापरली, म्हणजे देशाच्या एकूण वापराच्या ४.४ टक्के. त्यांच्या आवारात शीतकरणासाठी खर्च झालेले पाणी ६,६०० कोटी लिटर होते, तर त्यांना लागणारी वीज निर्माण करताना गेलेले पाणी सुमारे ८०,००० कोटी लिटर होते; दोन्ही मिळून एका युनिटमागे सुमारे पाच लिटर. या दुसऱ्या आकड्यात जलविद्युत जलाशयांवरचे बाष्पीभवनही धरलेले असल्याने तो फुगलेला वाटू शकतो, हे खरे. तरी आवारात गेलेल्या एका लिटरमागे वीजकेंद्रांकडे बारा लिटर, हे प्रमाण दुर्लक्ष करण्याजोगे नाही. म्हणजे डेटा सेंटरच्या पाण्याचा प्रश्न बऱ्याच अंशी विजेचाच प्रश्न आहे, आणि संदेशाने नेमके उलटे सांगितले आहे: पाण्याची काळजी करा, विजेची नको.

एका प्रश्नाला अर्धा लिटर, या आकड्याचेही मूळ आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी २०२३ मध्ये असा अंदाज मांडला होता की जीपीटी-३ या तेव्हाच्या एआय प्रारूपाची मध्यम लांबीची १० ते ५० उत्तरे मिळून अर्धा लिटर पाणी लागते, आणि तेही सेंटर कुठे आहे व ऋतू कोणता आहे यांवर अवलंबून. फिरता फिरता दहा ते पन्नास उत्तरांचे एक उत्तर झाले. गूगलने ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या जेमिनी या एआयला विचारलेल्या मध्यम मजकुरी प्रश्नासाठी ०.२४ वॉट-तास वीज आणि ०.२६ मिलिलिटर पाणी, असे आकडे दिले. त्यातले पाणी फक्त आवारातले आहे, वीजकेंद्राकडचे नाही, त्यामुळे तो कंपनीला सोयीचा आकडा आहे. वर काढलेल्या युनिटमागे पाच लिटरांच्या हिशोबाने वीजकेंद्राचे पाणी मिळवले तरी बेरीज दीड मिलिलिटरच्या पुढे जात नाही. व्हिडिओ तयार करून घेण्याचा खर्च याहून कितीतरी जास्त असतो, पण संदेश प्रश्नाबद्दल बोलतो, व्हिडिओबद्दल नाही.

मोरबे धरणाबाबत थोडक्यात. मोरबे हे नवी मुंबई महापालिकेचे धरण आहे. ऐरोली, रबाळे, महापे हा ज्या औद्योगिक पट्ट्याचा भाग आहे, त्याला पाणी देणाऱ्या एमआयडीसीची योजना बारवी धरणावर आहे. धरणाचे नाव चुकले म्हणून चिंता निराधार ठरत नाही, हेही लगेच सांगतो, कारण उन्हाळ्यात बारवीवर अवलंबून असलेल्या शहरांचेही हाल होतातच. पण तिथे उपाय हाताशी आहे. ऐरोली आणि कोपरखैरणे येथे सांडपाण्यावर तिसऱ्या टप्प्याची प्रक्रिया करून ते उद्योगांना देण्याची व्यवस्था महापालिकेने उभारली आहे, आणि कूलिंग टॉवरला, म्हणजे पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर टाकणाऱ्या मनोऱ्याला, पिण्याचे पाणी लागत नाही. टॉवर टाळून उष्णता थेट हवेत सोडणारी शीतयंत्रे (चिलर) बसवली तर आवारातले पाणी जवळजवळ सगळे वाचते, मात्र वीज जास्त लागते, आणि ती वीज कोळशाची असेल तर पाणी आणि धूर दोन्ही दुसऱ्या गावाच्या माथी जातात. या दोहोंत तडजोड करावीच लागते. सर्व्हरच्या खोल्या गरजेपेक्षा फार थंड ठेवण्याची आपल्याकडची सवय मात्र कोणत्याही तडजोडीशिवाय सोडता येईल: सर्व्हरसाठीच्या अमेरिकी मानकात २७ अंशांपर्यंतचे तापमान शिफारशीत आहे, आणि आपल्यासारख्याच दमट सिंगापूरने २०२३ मध्ये उष्ण कटिबंधातील डेटा सेंटर २६ अंश व त्यावर चालवण्याचे मानक जाहीर केले.

शंभर टक्के हरित विजेच्या दाव्याने माझा संयम सर्वाधिक ढळतो. कंपन्या म्हणतात त्याचा अर्थ बहुतेकदा एवढाच असतो की वर्षभरात जितकी वीज वापरली तितकीच अक्षय वीज कुठेतरी विकत घेतली. दुपारी राजस्थानात तयार झालेली सौरवीज रात्री दोन वाजता महाप्यात सर्व्हर चालवत नाही, आणि हे सर्व्हर रात्री झोपत नाहीत. मुंबईला बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या किती अपुऱ्या पडू शकतात हे १२ ऑक्टोबर २०२० रोजी मुंबईची वीज गेली तेव्हा सगळ्यांनी पाहिले. ट्रॉम्बे आणि डहाणू येथील कोळशावरची केंद्रे मुंबईला सोडवत नाहीत ती याचमुळे. कंपन्यांचेच अहवाल काय सांगतात पाहा: गूगलचे उत्सर्जन २०१९ ते २०२३ या काळात ४८ टक्क्यांनी वाढले. एके काळी सर्व्हरांची कार्यक्षमता वाढत गेल्याने अमेरिकेतला वापर २०१४ ते २०१६ मध्ये वर्षाला सुमारे ६,००० कोटी युनिटांवर स्थिर होता, हे वर सांगितलेल्याच अहवालात आहे. २०१७ पासून तो चढत गेला, आणि २०२८ पर्यंत देशाच्या विजेच्या ६.७ ते १२ टक्क्यांवर जाईल असा त्यांचा अंदाज आहे. तेव्हा दर तासाला वापराएवढी स्वच्छ वीज, साठवणुकीच्या बॅटऱ्या आणि घाई नसलेली कामे उन्हाच्या वेळी चालवणे, एवढे केल्याशिवाय हरित हे विशेषण लावू नये.

समुद्राचा मुद्दा दोन वाक्यांत संपतो. मायक्रोसॉफ्टने २०१८ मध्ये स्कॉटलंडजवळच्या ऑर्कनी बेटांपाशी ८६४ सर्व्हर समुद्रतळावर ठेवले, २०२० मध्ये वर काढले, आणि त्यांतले बिघाड जमिनीवरच्या सर्व्हरांच्या एक-अष्टमांश निघाले, हे सगळे खरे आहे. मात्र तो प्रकल्प आता चालू नाही, असे कंपनीनेच २०२४ मध्ये सांगितले, आणि संदेशात याचा उल्लेख नाही.

ज्यांना खरोखर काही करायचे आहे त्यांनी पुसण्याऐवजी विचारावे. युरोपीय संघाने ५०० किलोवॉट आणि त्याहून मोठ्या डेटा सेंटरांना वीज, पाणी आणि वाया जाणारी उष्णता यांची माहिती दरवर्षी कळवणे २०२४ पासून बंधनकारक केले आहे. जर्मनीच्या कायद्याने जुलै २०२६ पासून सुरू होणाऱ्या नव्या सेंटरांना उष्णतेचा काही भाग पुन्हा वापरण्याचीही अट घातली आहे, जी आपल्याकडे घरे तापवण्याची गरजच नसल्याने तशीच्या तशी उचलण्यात अर्थ नाही. माहितीची अट मात्र जशीच्या तशी उचलता येईल. ऐरोली-महापे पट्ट्यातल्या प्रत्येक मोठ्या सेंटरने कोणते पाणी किती घेतले, रात्रीची वीज कुठून आली आणि डिझेल जनरेटर किती तास चालले, हे महाराष्ट्रात परवानगी व सवलत देतानाच लेखी मागता येते. मावशीला मी फोटो परत मिळवून दिले आहेत, आणि तिच्या गटात हे उत्तर पाठवत आहे.