नावाआधी ॲड., मग नारळ

यंदा गणपतीला गावी जाताना माणगावात पावणेतीन तास गाडी जागची हलली नाही. खिडकीसमोर नेमका एका साहेबांचा फ्लेक्स: 'महामार्गासाठी अथक पाठपुरावा'. तो तोंडपाठ झाला, तेव्हा होतकरू पुढाऱ्यांसाठी हे चार सल्ले सुचले.

आधी वकिलीची सनद घ्या. कोर्टाची पायरी चढायची गरज नाही, नावाआधी 'ॲड.' लागलं की झालं.

मग एखादा रस्ता धरा आणि निवेदनं देत सुटा. फोटोत कागद दिसला पाहिजे, मजकूर नाही दिसला तरी चालतो.

फक्त रस्ता पुरा होऊ देऊ नका. मुंबई-गोवा महामार्गाचं पनवेल-इंदापूर चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू झालं. तेव्हा पहिलीत असलेली पोरं आता कॉलेजात आहेत. दर वर्षी नवी 'डिसेंबरअखेर'. पाहणी दौरा गणपतीच्या आठ दिवस आधी ठेवा. हेल्मेट घालून खड्ड्याकडे बोट दाखवा, खड्ड्यात खडी ओता. पहिल्याच सरीला ती वर येते, मागून येणारा दुचाकीवाला घसरतो, आणि तुम्ही तोवर मुंबईला पोचलेले असता! आमच्या पुढच्या गाडीतली एक बाई लहान पोरीला कडेवर घेऊन ट्रकांमधून आडोसा शोधत निघाली. आडोसा एकच होता, साहेबांचा फ्लेक्स. अथक पाठपुरावा तेवढा कामी आला.

बॅरिस्टर नाथ पैंचा कित्ता मात्र गिरवू नका. १९५७ पासून राजापूरचे खासदार, कोकणात रेल्वे यावी म्हणून झटले, १९७१ मध्ये गेले, गाडी बघायला मिळाली नाही. मागून मधु दंडवत्यांनी तेच लावून धरलं. १९९० मध्ये महामंडळ झालं आणि १९९८ च्या जानेवारीत गाडी पूर्ण मार्गावर धावली. सह्याद्री पोखरून सातशेहून जास्त किलोमीटर, आठ वर्षांत! आणि तुम्हाला आहे तो रस्ता रुंद करायला जमत नाही?

पुरे ही थट्टा. जरा लाज वाटू द्या, साहेब. सनद आहे ना? मग चढवा काळा कोट आणि विचारा एकदा भर कोर्टात, ही कितवी मुदत म्हणून. याच रस्त्यासाठी उच्च न्यायालयात जनहित याचिका घेऊन गेला तोही वकीलच होता. पनवेल ते चिपळूण त्याचा एक फ्लेक्स दिसला नाही. तुमचे अकरा मोजले. मोजायला वेळच वेळ होता.