जुन्या चिऱ्याच्या भिंतींवर स्लॅब टाकू नका

कोकणातलं कौलारू घर दुरुस्त करावं की पाडून नवं बांधावं? दोन्ही उत्तरं बरोबर असू शकतात. साफ चुकीची आहे ती मधली वाट: भिंती जुन्याच ठेवायच्या आणि वर स्लॅब ओतायचा. वासे-रिपांसकट कौलांचं छप्पर चौरस मीटरला ७०-८० किलोंच्या आसपास भरतं. पाच इंची स्लॅब एकटाच ३०० किलोंच्या वर जातो, कोबा वेगळा. मातीत रचलेल्या जांभ्याच्या चिऱ्यांना हे ओझं पेलत नाही. खिडकीच्या कोपऱ्यांतून तिरके तडे जातात. भूकंपात तर वर जितकं वजन, तितका भिंतीला आडवा धक्का. चिपळूणहून घाट चढला की कोयनानगर आहे आणि १९६७ चा भूकंप तिथलाच.

गळकं छप्पर बघून घर पाडायला निघू नका. कौलं, रिपा, वासे बदलता येतात. निकाल जोतं आणि भिंती देतात. तडा दिसला की गिलावा वीतभर फोडा. चिऱ्यातही तडा असेल तर त्यावर काचेची पट्टी दोन्ही टोकांना सिमेंटने चिकटवा, तारीख लिहा आणि एक पावसाळा जाऊ द्या. काच फुटली तर भिंत अजून हलते आहे. मग ओळंबा लावा. भिंतीला पोट सुटलेलं असेल तर तेवढा भाग उतरवून पुन्हा रचावाच लागतो. असे भाग निम्म्याहून जास्त निघाले, किंवा वर मजला हवाच असेल, तर पाडा आणि पायापासून नवं बांधा.

वासा मधोमध खणखणीत वाजला तरी विश्वास ठेवू नका. तो भिंतीत शिरलेल्या टोकाशी कुजतो. तिथे स्क्रू ड्रायव्हर खुपसून बघा. मऊ लागलं तर कुजका भाग कापून तिरका सांधा करायचा, बोल्ट मारायचे आणि टोकाभोवती हवेला जागा सोडायची. तिथे सिमेंट थापलं की लाकूड पुन्हा कुजतं.

सगळ्यात जास्त नुकसान ओलीवरच्या चुकीच्या उपायाने होतं. जांभा जमिनीतलं पाणी ओढतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा आणि वॉटरप्रूफ रंग दिला की ते पाणी बाहेर पडत नाही, आणखी वर चढतं. आधी अंगण बघा. पेव्हर घालून घालून ते जोत्याच्या वरच्या कडेला टेकलेलं असतं. ते त्या कडेच्या निदान सहा इंच खाली न्या, पागोळ्यांखाली उताराचा चर काढा. सिमेंटचा गिलावा उतरवा, भिंत सुकू द्या, मग चुन्याचा गिलावा पातळ थरांत करा. चुन्याचं काम येणारा गवंडी शोधावा लागतो. शोधाच, कारण दुसरा टिकाऊ उपाय नाही.

पाडायचं ठरलं तरी कुदळ मारण्याआधी सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती आणि बांधकाम परवानगी हातात हवी. नव्या बांधकामाला आजच्या नियमांनी चारी बाजूंचं अंतर सोडावं लागू शकतं, किनाऱ्यालगत सीआरझेडचे, म्हणजे किनारी पट्ट्यातल्या बांधकामावरचे, निर्बंध आहेतच. त्यामुळे जुन्या चौथऱ्याएवढं घर परत मिळेलच असं नाही.

दुरुस्ती धरलीत तर कौलं जानेवारीतच उतरवा. वळवाचा पाऊस मेमध्येच गाठतो, त्याच्या आत छप्पर बंद झालं पाहिजे.